फॉरमॅट मारावा लागेल

लॅपटॉप बिघडला की दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा, हे पुष्कळदा वॉरंटीची तारीख बघून ठरतं. वॉरंटी संपायला महिना उरला असेल, तर मालकाची पक्की खात्री असते की मदरबोर्ड गेला. त्या वेळी हेल्पलाइनवरचा आवाज अतिशय नम्रपणे सांगतो, "सर, हा सॉफ्टवेअर इश्यू वाटतोय, एकदा रीसेट करून बघा." कारण वॉरंटी सहसा यंत्राला असते, विंडोजच्या लहरींना नसते. तीच वॉरंटी संपून आठवडा झाला की दोन्ही पक्ष जागा बदलतात. मालक म्हणू लागतो, "काही नाही हो, जरा विंडोज गंडलीय," आणि सर्व्हिस सेंटरवाला नव्या मदरबोर्डचा भाव सांगतो. लॅपटॉप तोच, काळी स्क्रीनही तीच.

यंत्राला मात्र पैसे कुणाच्या खिशातून जाणार याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याला नीट विचारलं तर ते बऱ्यापैकी खरं सांगतं. पण ते सोडून बाकी सगळ्यांना आधी विचारायची आपल्याकडे रीत आहे.

घरातली पहिली साक्ष व्हायरसविरुद्ध पडते. पासबुकाचा प्रिंटर अडला तरी "व्हायरस आला असेल" म्हणणारी पिढी अजून हयात आहे. दुसरी साक्ष मुलाविरुद्ध: "यानंच परवा गेम टाकला होता." तिसरी अपडेटविरुद्ध: "चांगलं चाललं होतं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं अपडेट करायला?" चौथी लग्नाच्या फोटोंविरुद्ध: "फोटो फार झालेत, म्हणून जड झालाय." या शेवटच्या साक्षीत थोडं तथ्य असतं, कारण डिस्क गच्च भरली की विंडोजला तात्पुरत्या फायली आणि अपडेट ठेवायला जागा उरत नाही आणि सगळंच रेंगाळतं. पण डिस्क अर्धी रिकामी असेल, तर वऱ्हाडातल्या पाहुण्यांचे चार हजार फोटो असले काय नि नसले काय, वेगाला फरक पडत नाही.

मग न्यू जर्सीतल्या भाच्याला व्हिडिओ कॉल जातो. तो जांभई देत एकच विचारतो, "मामा, रीस्टार्ट केला का?" मामा दुखावतात. "रोज रात्री शटडाऊन करून झोपतो मी. उघडा टाकत नाही." इथे मामांची शिस्त वादातीत असली, तरी भाचा बरोबर असतो. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यामुळे शटडाऊन केलं की विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवते आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू लागते. कालचा गोंधळ आज शिळा होऊन परत हजर. रीस्टार्ट केलं तरच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे मामा वर्षभर रोज लॅपटॉप बंद करत होते आणि विंडोज वर्षभर पुरती बंद झालीच नव्हती.

रीस्टार्टनंही भागलं नाही, तर एक सरहद्द ओळखावी लागते. पॉवरचं बटण दाबल्यापासून कंपनीचं बोधचिन्ह दिसेपर्यंतच्या काही क्षणांत विंडोजचा अंमल सुरूच झालेला नसतो. त्या वेळात मदरबोर्डवरचा बायोस हा छोटा प्रोग्राम रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेत असतो. त्या क्षणांत जे बिघडतं, त्याचं बिल विंडोजच्या नावावर फाडता येत नाही. पंखा नाही, दिवा नाही, बोधचिन्ह नाही, अशा लॅपटॉपवर "विंडोज टाकून बघू" म्हणणारा माणूस एक तर फार आशावादी असतो किंवा दुकानदार असतो.

अशा मुक्या लॅपटॉपची तपासणी भिंतीवरून सुरू होते. आपल्याकडच्या सॉकेटला शेजारी स्वतंत्र बटण असतं, आणि रात्री झोपताना ते बंद करणारी एक व्यक्ती प्रत्येक घरात असते. ते चालू निघालं, तर दुसऱ्या खोलीतलं सॉकेट, मग चार्जर, मग चार्जरची लॅपटॉपात शिरणारी सैल झालेली पिन. टाइप-सी चार्जिंगच्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लावून "चार्जच होत नाही" म्हणणारे वेगळेच; तिथे बिघाड नसतो, वॉट कमी पडतात. त्यानंतर चार्जर काढून पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं, म्हणजे बोर्डवर साठून राहिलेला विद्युतभार निघून जातो आणि अडकलेलं यंत्र पुष्कळदा जागं होतं. तीस सेकंद हा काळ मराठी माणसाला फार मोठा वाटतो. बहुतेक जण सहाव्या सेकंदाला बटण सोडून "मी करून बघितलं हे" असं जाहीर करतात.

यंत्र अगदीच मुकं नसेल, तर ते खुणा करतं. ठरावीक वेळा बीप वाजवतं किंवा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकवतं. किती बीप म्हणजे रॅम आणि किती म्हणजे ग्राफिक्स, याचा कोश प्रत्येक कंपनीचा निराळा असतो आणि तो तिच्या संकेतस्थळावर मिळतो. फक्त बीप मोजताना खोलीत शांतता हवी. ती मिळवणं हाच या तपासणीतला सर्वांत अवघड भाग.

सरहद्दीच्या अलीकडचं दालन म्हणजे बायोसचा पडदा. चालू करताना एफ-2, एफ-10 किंवा डिलीट, जी कळ त्या कंपनीनं नेमली असेल ती दाबली की तो उघडतो. तिथे कीबोर्डची बाणाची कळ चालत नसेल, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. तिथे डिस्कचं नावच दिसत नसेल, तर विंडोज सापडत नाही याचा दोष विंडोजला देणं म्हणजे घरच पडल्यावर भाडेकरूला जाब विचारणं. उलट, बायोसमध्ये तासभर निवांत बसणारा लॅपटॉप विंडोजमध्ये दहा मिनिटांत बंद पडत असेल, तर संशयाची सुई सॉफ्टवेअरकडे वळते. तरी लगेच निकाल द्यायचा नाही. बायोसमध्ये प्रोसेसरला फारसं काम नसतं, त्यामुळे उष्णतेचा आरोपी तिथे साळसूद राहू शकतो.

स्क्रीनवर रेघ आली, तर त्यासाठीची परीक्षा फुकट आहे आणि तरीही फारसं कुणी ती घेत नाही. स्क्रीनशॉट काढायचा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून बघायचा. रेघ तिथेही दिसली, तर चित्र मुळातच बिघडलेलं तयार होतंय. ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिपकडे बघावं. तिथे चित्र स्वच्छ असेल, तर दोष पॅनेलचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा. झाकण मागेपुढे करताना रेघ कमीजास्त झाली, तर केबलचा कबुलीजबाबच मिळाला. पण होतं असं, की 'स्क्रीनशॉट पाठवा' म्हटलं की मालक मोबाइलनं लॅपटॉपचा फोटो काढून पाठवतात. त्यात रेघ असतेच, शिवाय ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असतं आणि एका कोपऱ्यात अंगठा असतो. तपासाच्या दृष्टीनं त्यातला फक्त अंगठा ओळखू येतो.

याहून खात्रीची युक्ती पेन ड्राइव्हवरची. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून थेट चालवता येते, लॅपटॉपच्या डिस्कला हातही न लावता. विंडोजमध्ये गायब झालेलं वाय-फाय किंवा मुका झालेला आवाज तिथे नीट चालला, तर यंत्र निर्दोष सुटलं. नाही चालला तर मात्र यंत्र दोषी ठरत नाही, कारण त्या भागासाठीचा ड्रायव्हर लिनक्सकडे नसूही शकतो. वीस मिनिटांत मिळणारं हे उत्तर दुकानात फॉरमॅट मारूनही मिळतं. फक्त तिथे त्याच्याबरोबर मुलीच्या प्रोजेक्ट रिपोर्टचंही विसर्जन होतं.

काही बिघाड बिघाडच नसतात. लॅपटॉपच्या झाकणात चुंबक आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर असतो. झाकण मिटलं हे यंत्राला त्यातूनच कळतं. एक चालू लॅपटॉप दुसऱ्या मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवला, तर खालच्याच्या चुंबकामुळे वरचा स्वतःला मिटलेला समजून झोपी जाऊ शकतो. चुंबकी पट्ट्याचं घड्याळ घालून टाइप करणाऱ्यांच्या बाबतीतही हे होतं. हात टेकवला की स्क्रीन काळी, उचलला की उजेड. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबली गेली की 'फिल्टर कीज' चालू होतात आणि कीबोर्ड भरभर मारलेल्या कळा दुर्लक्षित करू लागतो. विचार करत शिफ्टवर बोट ठेवून बसणाऱ्या लेखकांना हा बिघाड विशेष होतो. कॅमेऱ्यात अंधार दिसतो म्हणून रात्रभर ड्रायव्हर बदलावेत आणि सकाळी वेब-कॅमसमोरची इवलीशी सरकती खिडकी बंद असल्याचं घरातल्या सात वर्षांच्या व्यक्तीनं दाखवून द्यावं, हे तर इतकं सर्रास घडतं की त्याबद्दल आता कुणी कुणाला चिडवतही नाही.

खरी गंमत वेषांतर केलेल्या बिघाडांची. हार्डवेअरचा बिघाड सॉफ्टवेअरचे कपडे घालून येतो तेव्हा भलेभले फसतात. टचपॅड नीट दाबला जात नाही, बाण मनाला येईल तिकडे पळतो, म्हणून मालक ड्रायव्हर काढून परत घालतात. पुष्कळ लॅपटॉपांत टचपॅडच्या खालीच बॅटरी असते आणि ती फुगून त्याला वर ढकलत असते. असा लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर तो त्याच क्षणी बंद करून बॅटरी बदलून घ्यावी, कारण फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. इथे विनोद थांबतो.

उष्णतेचंही तसंच. पंख्याच्या जाळीत धूळ साचते, लॅपटॉप गादीवर ठेवून वेब मालिका बघितली जाते, खालची हवा कोंडते. प्रोसेसरचं तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो जीव वाचवायला आपला वेग कमी करतो, आणि तरी निभलं नाही तर यंत्र बंद पडतं. मालकाला दिसतं एवढंच, की "विंडोज फार स्लो झालीय." तो अँटिव्हायरस विकत घेतो. पाचशे रुपयांत धूळ साफ झाली असती, हे पुढच्या उन्हाळ्यात कळतं.

सर्वांत बनेल आरोपी म्हणजे रॅम. आज ब्राउझर बंद पडला, उद्या एक्सेल, परवा निळी स्क्रीन, तेरवा निळी स्क्रीन पण वेगळ्या संदेशाची. अनुभवी तंत्रज्ञ इथे एक आडाखा वापरतात: तेच केलं की तेच होतं, तर बहुधा सॉफ्टवेअर; काहीही केलं की काहीही होतं, तर बहुधा हार्डवेअर. खातरजमेसाठी विंडोजमध्येच मेमरीची चाचणी असते, आणि मेमटेस्ट86 पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवता येतो. पण रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायचा म्हणजे पुन्हा सॉकेटचं बटण बंद करणाऱ्या त्या व्यक्तीशी गाठ.

"एकदाच झालं होतं, आता चालतोय ना, मग राहू दे," हे धोरण किती महाग पडतं, याचा हिशेब मायक्रोसॉफ्टच्या एडमंड नाइटिंगेल, जॉन ड्यूसर आणि व्हिन्स ऑर्गोव्हन या संशोधकांनी 2011 मध्ये मांडला. घराघरांतल्या सुमारे दहा लाख संगणकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेला संगणक पुन्हा कोसळण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढते, असं त्यांना दिसलं. त्याच अभ्यासात लॅपटॉप हे डेस्कटॉपपेक्षा कमी बिघडतात असंही निघालं. ज्यांचा लॅपटॉप सध्या दुकानात आहे, त्यांना हे सांगू नये.

कीबोर्डही वेष पालटतो. 2015 पासून ॲपलनं मॅकबुकमध्ये 'बटरफ्लाय' नावाचा अतिशय पातळ कीबोर्ड आणला. धुळीचा एखादा कण शिरला की एकच अक्षर दोनदा उमटे किंवा उमटतच नसे. ऑटोकरेक्ट बिघडला असंच कुणालाही वाटावं. कंपनीनं सांगितलेला उपाय असा, की लॅपटॉप 75 अंशांच्या कोनात धरायचा आणि दाबाखालची हवा डावीकडून उजवीकडे फवारायची, मग लॅपटॉप फिरवून पुन्हा. लाखभराच्या आसपासचं यंत्र घेतलेला माणूस कोनमापक शोधतोय, हे दृश्य काही काळ जगभर चाललं. जून 2018 मध्ये कंपनीनं मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि 2019 च्या अखेरीपासून तो कीबोर्ड टप्प्याटप्प्यानं काढून टाकला.

उलटं वेषांतर 19 जुलै 2024 रोजी साऱ्या जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. सुरू व्हायचे, कोसळायचे, पुन्हा सुरू व्हायचे. भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. समोरचं यंत्र बघणाऱ्याला ते मेलंय असंच वाटावं. प्रत्यक्षात एकाही संगणकाचा एकही स्क्रू ढिला झालेला नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की तो उठून बसत होता. फक्त पुसायला पुष्कळ ठिकाणी माणसाला त्या संगणकापर्यंत चालत जावं लागलं.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये त्रिशंकूसारखं लटकलेलं तिसरं एक राज्य आहे, फर्मवेअर. चिपवर बसलेला प्रोग्राम. म्हटलं तर वस्तू, म्हटलं तर लिखाण. नोव्हेंबर 2019 मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजनं सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला, की 32,768 तास चालल्यावर त्या बंद पडतील आणि आतली माहिती परत मिळणार नाही. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास. अधिक-उणे चिन्हासह सोळा बिटांच्या मोजणीत 32,767 च्या पुढे जाता येत नाही, तिथेच फर्मवेअरचा हिशेब चुकत होता. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच तासाला माना टाकणार, इतका वक्तशीरपणा. सगळे भाग शाबूत, विंडोजही निर्दोष. हा खटला कुठल्या कोर्टात चालवायचा?

आणि कधी कधी गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्याला. 2008 च्या जुलैमध्ये एनव्हिडियानं कबूल केलं, की लॅपटॉपांतल्या आपल्या काही ग्राफिक्स चिपांच्या बांधणीत वापरलेलं साहित्य कमजोर निघालंय. तापून-निवून जोड तुटत होते. कंपनीनं भरपाईपोटी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला ठेवले. डेल आणि एचपी यांनी मात्र आधी बायोसचं अपडेट दिलं. ते काय करी? पंखा अधिक वेळ फिरवी. ठिसूळ जोडांवर सॉफ्टवेअरची फुंकर. ज्यांचे लॅपटॉप तरीही गेले, त्यातल्या काही धाडसी मंडळींनी मदरबोर्ड स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजला, जोड वितळून पुन्हा जुळावेत म्हणून. काहींचे चाललेही, थोडे दिवस. त्या ओव्हनमध्ये पुढे केक केला का, याची नोंद नाही.

मायक्रोसॉफ्टचे अनुभवी अभियंते रेमंड चेन यांनी ऑगस्ट 2022 मध्ये सांगितलेला विंडोज एक्सपीच्या काळातला किस्सा यावर कडी करतो. एका मोठ्या संगणक कंपनीला आढळलं, की जॅनेट जॅक्सनचं 1989 मधलं 'रिदम नेशन' हे गाणं लावलं की काही लॅपटॉप कोसळतात. इतकंच नाही, तर शेजारी गप्प बसलेला, काहीही न वाजवणारा लॅपटॉपही कोसळतो. मिनिटाला 5,400 फेरे घेणाऱ्या त्या हार्ड डिस्कच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी गाण्यातला एक सूर जुळत होता. उपाय काय, तर आवाजाच्या मार्गात ती कंपनसंख्या गाळणारी एक चाळणी टाकली. डिस्क तशीच राहिली, गाणं तसंच राहिलं, प्रश्न सुटला. घरातल्या साक्षीदारांपैकी कुणी "शेजाऱ्यांच्या गाण्यामुळे लॅपटॉप बिघडला" असं म्हटलं असतं, तर त्याला हसण्यावारी नेलं असतं.

अखेर लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला जातो; पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असला, तरी टॅक्सीवाल्यापासून होलसेलवाल्यापर्यंत कुणी तसं म्हणत नाही. तिथले चांगले कारागीर फार बोलत नाहीत. रॅम काढतात, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर घासतात, परत बसवतात. संपर्कावर चढलेला थर गेला की अनेक 'डेड' लॅपटॉप तिथल्या तिथे जिवंत होतात. नाही झाला, तर बोर्डला बाहेरून वीज देऊन तो किती अँपिअर ओढतो ते बघतात आणि "आयसी शॉर्ट आहे, चिप लेव्हलचं काम आहे," म्हणतात. बाकीच्यांचा खाक्या सोपा असतो. ते झाकणही न उघडता म्हणतात, "फॉरमॅट मारावा लागेल."

यावेळी मात्र मालक तयारीनं आलेला असतो. त्यानं सॉकेट बदललेलं असतं, तीस सेकंद पूर्ण मोजलेले असतात. बायोसमध्येही रेघ दिसते पण स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, एचडीएमआयनं टीव्हीला जोडल्यावर चित्र स्वच्छ आहे, झाकण अमुक कोनात गेलं की रेघ नाहीशी होते, सबब दोष केबलचा, फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही. सगळा बॅकअपही घेतलेला आहे. हे सगळं तो तारखांसह सांगतो. काउंटरवरचा मुलगा शांतपणे ऐकून घेतो, पावतीवर 'तक्रार' या शब्दापुढे 'डिस्प्ले प्रॉब्लेम' एवढं लिहितो, लॅपटॉपला स्टिकर चिकटवतो आणि विचारतो, "चार्जर आणलाय ना, काका?"